शिसवाच्या बासरीत वरचे सूर उतरलेले का लागतात?

प्रश्न : बोरीकाठ, अमळनेर

सर्व जाणकारांना नमस्कार.

माझा व्यवसाय सुतारकामाचा असून लेथवर पलंगाचे पाय, कठड्याचे गज आणि देव्हाऱ्याचे खांब घडवण्याचे काम वर्षभर चालू असते. आमच्या भागातील महिला भजनी मंडळाला बासरीची साथ हवी आहे आणि त्यांची पट्टी पांढरी पाच आहे, म्हणजे हार्मोनियमची पाचवी पांढरी पट्टी त्यांचा षड्ज. वेळूच्या बासऱ्या आपल्याकडच्या उन्हाळ्यात तडकतात असा मंडळाच्या वादकाचा अनुभव असल्यामुळे, जुन्या घराच्या शिसवी तुळईतील चांगले मुरलेले लाकूड घेऊन मी सहा छिद्रांची एक आडवी बासरी घडवली आहे.

मापे वादकाजवळच्या एका सुरेल वेळूच्या बासरीवरून घेतली. आतील पोकळीचा व्यास १९ मिमी, सहाही स्वररंध्रांचा व्यास साधारण ९ मिमी, फुंकेच्या छिद्रापासून प्रत्येक रंध्राचे अंतर आणि बुचाचे (फुंकेच्या बाजूचे टोक बंद करणाऱ्या खुंटीचे) अंतर हे सर्व मूळ बासरीप्रमाणेच ठेवले आहे. फरक एवढाच की वेळूची भिंत अडीच मिमी जाड आहे आणि लाकूड दुभंगू नये म्हणून मी भिंत ६ मिमी ठेवली आहे. आवाज भरदार आला, परंतु सर्वच सूर हार्मोनियमच्या खाली बसले. शेवटचे टोक थोडे कापल्यावर सर्व छिद्रे बंद असतानाचा मंद्र पंचम बरोबर मिळाला. मात्र षड्ज आणि त्यावरील सूर अजूनही उतरलेले आहेत आणि तार सप्तकात तर ही उणीव अधिकच जाणवते.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. पोकळी आणि छिद्रे तंतोतंत तीच असताना सूर का बदलले? हे दुरुस्त करता येईल की नवीन नळी घडवावी लागेल? आणि शिसवाखेरीज आपल्या भागातील कोणते लाकूड या कामासाठी घ्यावे?

---

उत्तर : पांझराकाठ, धुळे

भाऊ, तुम्ही मापे इतक्या नेमकेपणाने दिली आहेत की उत्तर शोधणे सोपे झाले आहे. मी अनेक वर्षे भौतिकशास्त्र शिकवले असल्यामुळे थोडे मुळापासून लिहितो. ते समजले की कानस कुठे चालवायची हे तुमचे तुम्हालाच दिसेल.

बासरीत वाजते ती आतील हवा. ओठांतून निघालेला हवेचा पातळ झोत फुंकेच्या छिद्राच्या पलीकडील धारेवर आपटतो आणि नळीतील हवेच्या कंपनाबरोबर आळीपाळीने आत व बाहेर वळत राहतो. प्रत्येक वेळी आत वळताना तो त्या कंपनाला जोर देतो. नळीची दोन्ही टोके ध्वनीच्या दृष्टीने उघडी असतात, कारण फुंकेचे छिद्र हेही एक उघडे टोकच आहे. म्हणून सर्वात खालच्या सुरासाठी नळीत अर्धी ध्वनिलहर बसते आणि फुंकेचा वेग वाढवला की सूर बरोबर एका सप्तकाने वर जातो.

आता तुमच्या बासरीचा हिशेब करू. पांढरी पाचचा षड्ज सेकंदाला ३९२ कंपनांचा आहे आणि त्याखालचा मंद्र पंचम सुमारे २९४ कंपनांचा. २५ अंश तापमानाला हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला ३४६ मीटर असतो. त्याला २९४ च्या दुपटीने भागले की ५८८ मिमी मिळतात. ही झाली हवेच्या स्तंभाची परिणामी लांबी. प्रत्यक्षात फुंकेच्या छिद्राच्या मध्यापासून टोकापर्यंत तुमची नळी ५४० मिमीच्या आसपासच असणार. उरलेले जवळजवळ ५० मिमी दोन्ही टोकांना अदृश्यपणे जोडले जातात. उघड्या टोकापाशी हवा नळीच्या तोंडाबाहेरही थोडी हलत असल्यामुळे पोकळीच्या त्रिज्येच्या सुमारे ०.६ पट, म्हणजे इथे ६ मिमी लांबी वाढते. बाकीचे चाळीसहून अधिक मिमी फुंकेच्या छिद्राचे आहेत, कारण ते छिद्र पोकळीपेक्षा बरेच लहान असते, खालच्या ओठाने काही अंशी झाकलेले असते आणि त्याला भिंतीच्या जाडीएवढी खोली असते.

ही खोलीच तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. तुम्ही प्रत्येक छिद्र योग्य व्यासाचे आणि योग्य जागी पाडले, पण भिंत जाड असल्यामुळे प्रत्येक छिद्र एक छोटीशी चिमणी झाले. उघड्या छिद्रातून बाहेर हलणाऱ्या हवेला त्या चिमणीतील हवाही ढकलावी लागते. भिंतीच्या जाडीत वरच्या आणि खालच्या तोंडाशी हलणारी हवा मिळवली, तर अडीच मिमी जाडीच्या छिद्राची परिणामी उंची ९ मिमीच्या आसपास आणि ६ मिमी जाडीच्या छिद्राची १३ मिमीच्या आसपास येते. उंच छिद्र हे ध्वनीच्या दृष्टीने लहान छिद्रासारखे वागते आणि लहान छिद्राचा सूर नेहमी खालचा असतो. ढोबळ हिशेबाने यामुळे तुमच्या षड्जाची परिणामी लांबी चार-पाच मिमीने वाढली असावी. षड्जाची एकूण परिणामी लांबी ४४१ मिमी आहे, तेव्हा हा फरक एक टक्क्याहून थोडा अधिक होतो, म्हणजे एका अर्धस्वराचा सुमारे पाचवा भाग. भजनात हार्मोनियमशेजारी एवढी उणीव कोणालाही ऐकू येईल.

याशिवाय आणखी एक सूक्ष्म परिणाम आहे. बोटांनी झाकलेल्या छिद्रांच्या आतही हवेचा खिसा शिल्लक राहतो. भिंत जाड असेल तर तो खिसा मोठा असतो आणि नळीचा तेवढा भाग जास्त पोकळीचा असल्यासारखा वागून सूर किंचित उतरवतो. तुम्ही टोक कापून खालचा पंचम मिळवला तेव्हा या खिशांची आणि फुंकेच्या छिद्राच्या वाढलेल्या खोलीची भरपाई त्या एका सुरापुरती झाली. षड्जाच्या वेळी मात्र खालची छिद्रे उघडी असल्यामुळे टोक कापण्याचा त्यावर फारसा परिणाम होत नाही, म्हणून तो तिथेच राहिला.

वरच्या सप्तकाबद्दल लगेच निष्कर्ष काढू नका. त्याची कारणे दोन असू शकतात आणि दोहोंचे उपाय वेगळे आहेत. एक म्हणजे बूच फुंकेच्या छिद्रापासून प्रमाणापेक्षा दूर असणे. बूच आणि छिद्र यांमधील हवेचा खिसा जितका मोठा, तितके वरचे सूर उतरतात, खालच्यांवर मात्र त्याचा परिणाम थोडाच होतो. दुसरे म्हणजे हीच उंच आणि तुलनेने अरुंद छिद्रे. कंपनसंख्या वाढत जाते तसा अशा छिद्रांतून बाहेर पडण्याचा मार्ग ध्वनीला अधिकाधिक कठीण होतो, तो उघड्या छिद्रांच्या पलीकडेही नळीत शिरतो आणि सूर खाली ओढला जातो.

कोणते कारण आहे हे ओळखण्यासाठी सर्व छिद्रे बंद करून मंद्र पंचम वाजवा आणि बोटे न हलवता जोराने फुंकून मध्य पंचम काढा. हा सप्तक बरोबर लागला, पण षड्ज ते तार षड्ज हा सप्तक अपुरा पडला, तर दोष छिद्रांचा आहे. पंचमाचा सप्तकही अपुरा पडला, तर आधी बुचाकडे पाहावे. थिओबाल्ड बोएम यांनी १८४७ मध्ये जी पाश्चात्य बासरी घडवली, तिची पोकळीही १९ मिमीचीच आहे. तिथे वरच्या बाजूस नळी निमुळती होत १७ मिमीपर्यंत येते आणि बूच छिद्राच्या मध्यापासून १७ मिमीवर असते. सरळ नळीत वरचे सप्तक थोडे आखूड पडते, ते सुधारण्यासाठीच त्यांनी हा निमुळतेपणा योजला होता. आपल्या सरळ पोकळीच्या बासरीत ती उरलेली उणीव वादक फुंकेने भरून काढतो, पण कारागिराने त्याच्यावर किती भार टाकावा याला मर्यादा आहे.

---

उत्तर : गिरणाकाठ, जळगाव

मी शास्त्रीय बासरी वाजवते आणि विद्यार्थ्यांनाही शिकवते, म्हणून वादकाच्या बाजूने काही गोष्टी नोंदवते.

भाऊ, कापण्याघासण्यापूर्वी एक विचार नक्की करा, तो तापमानाचा. कार्तिकातील पहाटेच्या काकड्याला हार्मोनियमच्या खाली राहणारी बासरी वैशाखात तुमच्या अमळनेरला बोरीच्या पात्रात भरणाऱ्या सखाराम महाराजांच्या यात्रेत चढलेली लागते, हा खानदेशातील प्रत्येक बासरीवादकाचा अनुभव आहे. हार्मोनियमची पितळी पाती उष्णतेने उलट किंचित उतरतात, त्यामुळे दोघांमधले अंतर आणखी वाढते. तुम्ही सूर जुळवला तो कोणत्या ऋतूत आणि दिवसाच्या कोणत्या वेळी, यावर तुमच्या मापनाचा अर्थ अवलंबून आहे. थंड बासरी हातात घेऊन लगेच सूर तपासू नये. काही मिनिटे वाजवून नळी श्वासाने उबदार झाल्यावरच तपासावा.

दुसरी गोष्ट वजनाची. पांझराकाठ सरांनी ध्वनीचा हिशेब दिला, मी हाताचा देते. १९ मिमी पोकळी आणि ६ मिमी भिंत म्हणजे बाहेरचा व्यास ३१ मिमी झाला. साठ सेंटिमीटर लांबीची अशी शिसवी बासरी सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास भरेल, तर त्याच पोकळीची वेळूची बासरी सत्तर ग्रॅमच्या आत राहते. आडवी बासरी खांद्याच्या बाजूला तोलून धरायची असते आणि भजन तास-दोन तास चालते. तिप्पट वजनाने डाव्या मनगटावर आणि अंगठ्यावर ताण येतो आणि ताणलेल्या हाताची बोटे छिद्रे नीट झाकत नाहीत. बोट एका कडेला जरी किंचित उचलले गेले, तरी खालचे सूर फुटतात आणि दोष मात्र बासरीला दिला जातो.

तिसरी गोष्ट मींडेची. आपल्या संगीतात छिद्र अर्धे, पाव, त्याहूनही कमी उघडत सूर सरकवायचा असतो. सहा छिद्रांच्या बासरीवर शुद्ध मध्यम सुद्धा छिद्र अर्धे उघडूनच मिळतो. जाड भिंतीच्या खोल छिद्रावर बोट सरकवताना सूर बराच वेळ हलतच नाही आणि मग एकदम उडी घेतो. पातळ काठाच्या रुंद छिद्रावर तो बोटाबरोबर चालतो. पन्नालाल घोष (१९११ ते १९६०) यांनी लांब आणि रुंद पोकळीची बासरी रागसंगीतात रुजवली, ती वेळूची होती. पातळ भिंतीचा हा गुण त्यांच्या वादनातील गायकीला पोषक ठरला असे मला वाटते.

आणि एक मत, ज्यावर सरांचे उत्तर ऐकायला आवडेल. लाकडाच्या बासरीचा आवाज मला वेळूपेक्षा गोल आणि भरीव वाटतो. हा केवळ हवेचा खेळ असेल, तर हा फरक येतो कोठून?

---

उत्तर : पांझराकाठ, धुळे

ताई, तापमानाचा मुद्दा आपण अगदी योग्य वेळी आणलात. हवेतील ध्वनीचा वेग दर अंशाला सुमारे ०.१७ टक्क्याने वाढतो, म्हणजे सूर अर्धस्वराच्या शंभर भागांपैकी जवळजवळ ३ भाग चढतो. जानेवारीतील १० अंशांची पहाट आणि मे महिन्यातील ४० अंशांची संध्याकाळ यांत केवळ बाहेरच्या हवेचा विचार केला, तर फरक ८७ भागांचा, म्हणजे जवळजवळ पूर्ण अर्धस्वराचा होतो. प्रत्यक्षात नळीतील हवा श्वासाने उबदार झालेली असल्यामुळे तो बराच कमी जाणवतो, तरीही तो उरतोच. लाकूड उष्णतेने लांब होते म्हणून सूर बदलतो, अशी समजूत अनेकांची असते. पण शिरेच्या, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या, दिशेने लाकडाचे प्रसरण इतके अल्प आहे की तीस अंशांच्या फरकातही साठ सेंटिमीटरची नळी मिमीच्या दहाव्या भागाएवढीच वाढते. शिवाय तिचा परिणाम उलट दिशेचा, सूर उतरवण्याचा आहे.

आता आवाजाच्या गोलाव्याबद्दल. जॉन कोल्टमन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी चांदी, तांबे आणि लाकूड यांच्या बासऱ्या आतून सारख्याच मापाच्या बनवल्या आणि त्यांना फुंकेचा भाग एकसारखा जोडला. ऐकणाऱ्यांना आवाजावरून नळीचे द्रव्य ओळखता आले नाही. वाजवणाऱ्यांनाही, वजन व स्पर्श यांवरून कळू नये अशी व्यवस्था केल्यावर, फरक सांगता आला नाही. तुमच्या कानांना जे जाणवते ते खोटे आहे, असा याचा अर्थ मी मुळीच करत नाही. लाकडी बासरीत भिंत जाड असते, फुंकेचे छिद्र खोल असते, त्याची धार अधिक रेखीव घडवता येते आणि स्वररंध्रे ध्वनीच्या दृष्टीने अरुंद असतात. अशा रंध्रांतून वरचे उपस्वर कमी बाहेर पडतात आणि आवाज गोल वाटतो. फरक खरा आहे, पण तो आकारातून आलेला आहे. वेळूला तोच आकार दिला तर तोही तसाच वाजेल.

द्रव्याचा थेट संबंध येतो तो आतील पृष्ठभागापाशी. नळीच्या भिंतीलगतचा हवेचा अतिशय पातळ थर घर्षणाने आणि उष्णतेच्या देवाणघेवाणीने ध्वनीची ऊर्जा खात असतो. पोकळी खरखरीत किंवा सच्छिद्र असेल तर हे नुकसान वाढते आणि विशेषतः खालचे सूर दुबळे होतात. म्हणून लाकूड कोणते यापेक्षा ते आतून किती गुळगुळीत आणि किती बंद रंध्रांचे करता येते, याला मी अधिक महत्त्व देईन.

---

उत्तर : सातपुड्याचा पायथा, यावल

मी लाकडी आणि वेळूच्या दोन्ही प्रकारच्या बासऱ्या घडवतो. सरांनी सांगितलेल्या कारणाशी पूर्ण सहमत आहे आणि उपायाचे बोलतो.

भाऊ, नवीन नळीची गरज नाही. बाहेरचा व्यास ३१ मिमी असल्याचा तुम्हाला फायदाच आहे. सहा छिद्रे ज्या ओळीत आहेत, त्या ओळीवर रंध्याने किंवा सपाट कानशीने एक पट्टी उतरवा. अडीच मिमी खोल उतरवली तर सुमारे १७ मिमी रुंदीची सपाट पट्टी तयार होते आणि छिद्रांपाशी भिंत साडेतीन मिमी उरते. बोटाला टेकायला ती रुंदी पुरेशी असते, वजन थोडे कमी होते आणि बाकीच्या बाजूंनी नळीची ताकद टिकते. फुंकेच्या छिद्रापाशी मात्र ही पट्टी आणू नका. तिथे ५ मिमीच्या आसपासची खोली झोताला चांगली दिशा देते. बोएमच्या बासरीतही तेवढीच खोली मुद्दाम ठेवलेली असते. मधल्या भागातून फुंकेच्या भागाकडे उतार हळूहळू मिटवत न्यावा.

त्यानंतर छिद्रांच्या आतील कडा. छिद्र जिथे पोकळीला मिळते तिथली धार आतून मोकळी करून, वक्र चाकूने किंवा तारेला गुंडाळलेल्या काचकागदाने, किंचित गोलसर करा. वरून छिद्र तेवढेच दिसते, पण त्याची परिणामी उंची कमी होऊन सूर चढतो, वरच्या सप्तकातही तो सुधारतो आणि हवेची खरखर कमी होते. फुंकेच्या छिद्राला हा नियम लावताना अतिशय जपून राहावे. तिथे पलीकडची धार तीक्ष्ण राहिलीच पाहिजे.

लाकडाबद्दल. शिसव उत्तम आहे, कारण ते मुरल्यावर फारसे हलत नाही आणि त्याला धार चांगली धरते. त्याचा भुसा मात्र अनेकांच्या त्वचेला आणि श्वासनलिकेला बाधतो. नाक-तोंड झाकल्याशिवाय लेथवर उभे राहू नका. सागवान सहज मिळते, पण ते सच्छिद्र आहे आणि फुंकेच्या छिद्राची धार लवकर बोथट होते. बाभूळ कठीण आहे, परंतु नीट मुरवलेली नसेल तर तडकते. खैरही चालतो. आपल्या कोरड्या जंगलातील अंजन हे भारतातील सर्वात जड लाकडांपैकी एक असून पाण्यात बुडते. त्याची आतली झळाळी फार सुंदर येते, परंतु हत्यारांची धार ते झपाट्याने खाते आणि ताईंनी सांगितलेला वजनाचा प्रश्न आणखी बिकट होतो. लहान, उंच सुराच्या बासरीसाठीच ते घ्यावे. कोणतेही लाकूड वखारीतून पावती घेऊनच आणावे.

तुम्ही जुनी तुळई वापरली हे फार चांगले केले. नवीन लाकूड असेल तर चौकोनी ठोकळा कापून त्यात आधी बारीक आरपार भोक पाडायचे, दोन्ही टोकांना मेण लावायचे आणि तो सावलीत निदान एक पावसाळा व एक उन्हाळा पडू द्यायचा. आतून-बाहेरून सारखे वाळले की मग पोकळी पूर्ण मापाला न्यायची आणि सर्वात शेवटी, त्या पोकळीलाच मध्य मानून, बाहेरचा भाग लेथवर उतरवायचा. लांब भोक पाडताना गिरमिट शिरेच्या बाजूला सरकतेच; बाहेरचा भाग नंतर उतरवल्याने भिंत सगळीकडे सारखी येते.

खानदेशात तडकण्याचे खरे कारण उन्हापेक्षा ओलाव्यातील तफावत हे आहे. मे महिन्याच्या कोरड्या हवेत बासरी बाहेरून आकसते, तेव्हाच श्वासातील वाफेने ती आतून फुगते आणि भिंत या ओढाताणीत फाटते. नवीन लाकडी बासरी पहिले काही आठवडे दिवसाला दहा-पंधरा मिनिटेच वाजवावी, प्रत्येक वेळी आतून सुती कापडाने कोरडी करावी आणि कूलरच्या झोतासमोर किंवा मोटारीत ठेवू नये. आतून जवसाच्या तेलाचे पातळ हात द्यावेत आणि प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावरच पुढचा द्यावा. हे तेल वाळून लाकडाची सूक्ष्म रंध्रे बंद करते, जे शेंगदाण्याच्या तेलाने होत नाही. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या गोळा करून टाकू नका. त्या आपोआप तापून पेटू शकतात, म्हणून पाण्यात बुडवाव्यात किंवा मोकळ्यावर एकेक पसरून वाळवाव्यात.

वेळूबद्दलही एक स्पष्टीकरण देतो, कारण स्थानिक वेळू का वापरत नाही असे मला अनेक जण विचारतात. सातपुड्यात सर्वत्र दिसणारा मानवेल जाड भिंतीचा, कित्येकदा जवळजवळ भरीव असतो आणि त्याची पेरे आखूड असतात. त्याच्या काठ्या उत्तम होतात, पण लांब बासरी होत नाही. बासरीसाठी लागणारा पातळ भिंतीचा, लांब पेरांचा वेळू मुख्यतः आसामातून येतो आणि उत्तर प्रदेशातील पिलीभीतसारख्या ठिकाणी त्याच्या बासऱ्या घडतात. त्या दमट प्रदेशातून आलेली नळी आपल्याकडच्या वैशाखात तडकली तर तो वेळूचा दोष म्हणता येत नाही. नळीवर दोऱ्याचे पट्टे घट्ट बांधले आणि ती गवसणीत ठेवली, तर वेळूची बासरीही इथे वर्षानुवर्षे टिकते.

---

बोरीकाठ, अमळनेर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. सरांनी सांगितलेली परीक्षा आज सकाळी वादकाकडून करून घेतली. मंद्र पंचम ते मध्य पंचम हा सप्तक जवळजवळ बरोबर लागला. धैवताचा किंचित अपुरा, षड्जाचा स्पष्टपणे अपुरा, आणि सर्व छिद्रे उघडून मिळणाऱ्या तीव्र मध्यमाचा सर्वाधिक अपुरा निघाला. यावरून दोष छिद्रांचा आहे असे समजून मी आता पट्टी उतरवणार आहे. छिद्रे कोणत्या क्रमाने सुधारावीत? आणि ऋतूंच्या फरकासाठी बासरी दोन तुकड्यांत जोडाची केली तर चालेल का?

---

उत्तर : पांझराकाठ, धुळे

निष्कर्ष योग्य आहे. बुचाला हात लावू नका.

जोडाबद्दल सांगतो. फुंकेचे छिद्र आणि पहिले स्वररंध्र यांच्या मध्ये जोड ठेवून तो उन्हाळ्यात थोडा बाहेर ओढता येतो, पण त्याचा परिणाम सर्व सुरांवर सारखा नसतो. ५ मिमी ओढल्याने ५८८ मिमीच्या मंद्र पंचमाला अर्धस्वराचे सुमारे १५ भाग उतार मिळतो, तर ३१४ मिमीच्या तीव्र मध्यमाला जवळजवळ २७ भाग. एवढा फरक वादक फुंकेने सांभाळतो. त्यापलीकडे ओढले तर बासरी स्वतःशीच बेसूर होते. जोड करायचा असेल तर तो पूर्ण बंद असताना बासरी थंडीतील सुराला जुळवावी, कारण उन्हाळ्यात लांबी वाढवता येते, पण हिवाळ्यात कमी करता येत नाही.

---

उत्तर : सातपुड्याचा पायथा, यावल

क्रम नेहमी खालच्या टोकाकडून वर. वरचा सूर वाजताना त्याखालची सर्व छिद्रे उघडी असतात, त्यामुळे खालच्या छिद्रात केलेला प्रत्येक बदल वरच्या सुरांत मिसळतो. आधी वरचे छिद्र जुळवले तर ते पुन्हा बिघडते.

पट्टी उतरवल्यावर बासरी एक दिवस तशीच ठेवा आणि मगच सूर तपासा; पट्टीनेच बराच फरक पडलेला असेल. त्यानंतर धैवताचे छिद्र आतून मोकळे करा, मग निषाद, मग षड्ज, असे वर जा. प्रत्येक वेळी खालचा आणि वरचा असे दोन्ही सप्तक वाजवून पाहा. खालचा सूर मिळाला पण वरचा अजून उतरलेला असेल, तर आतील कड अधिक गोल करा. दोन्ही सारखेच उतरलेले असतील, तर छिद्राची फुंकेच्या बाजूची कड बाहेरून किंचित वाढवा, कारण छिद्र फुंकेकडे सरकले की सूर चढतो. प्रत्येक छिद्र इच्छित सुराच्या किंचित खाली असतानाच थांबा. सहाही छिद्रे तिथवर आल्यानंतर वादकाला दोन-तीन भजने हार्मोनियमसोबत वाजवू द्या आणि शेवटचा हात त्यांच्या फुंकेप्रमाणे फिरवा, कारण ओठ छिद्रावर किती टेकवायचा ही प्रत्येकाची सवय वेगळी असते आणि तेवढ्याने सबंध बासरी वरखाली होते. लाकूड काढून झाल्यावर पट्टीवर आणि छिद्रांच्या आतील कडांवर जवसाच्या तेलाचा पुन्हा एक पातळ हात द्यायला विसरू नका; नव्याने उघडी पडलेली शीर तिथेच श्वासाचा ओलावा आधी पिते.